पाषाणाला हात कोणी लावायचा

फाल्गुनाच्या शुद्ध पक्षात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावोगावच्या देवळांत एक काम दरवाजा ओढून घेऊन चालतं. पेटाऱ्यातून देवीची चांदीची रूपं बाहेर येतात, उजळली जातात, पालखीत बैठक तयार होते. मग गुरव एकेक रूप त्याच्या जागी बसवतो, मागे वस्त्रांच्या चुण्या भरतो, दागिने घालतो, फुलं लावतो. याला रूपं लावणं म्हणतात. बाहेर ढोल-ताशे थांबलेले असतात, मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेली माणसं झोप चोळत सभामंडपात बसलेली असतात. कोणती देवी मध्ये, कोणती डावीकडे, कोणाला कोणतं वस्त्र, पहिलं फूल कोणाला, हे सगळं त्या गुरवाच्या हातात असतं. त्याच्या बापाने करताना तो बाजूला बसून पाहत होता, तेवढंच त्याचं शिक्षण.

पालखी बाहेर आली की गाव तिच्या मागे जातं. रत्नागिरी शहराचं ग्रामदैवत श्री देव भैरी, बारा वाड्यांचा मालक. त्याची पालखी शिमग्याला देवळाबाहेर पडते तेव्हा पोलिसांची मानवंदना होते आणि झाडगावच्या सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवण्याच्या चौथऱ्यावर, ती बसते तेव्हा शहर दर्शनाला लोटतं. जिल्ह्यात कुठे त्रयोदशीचा तेरसे शिमगा, कुठे पौर्णिमेचा भद्रेचा. जाखाई, जुगाई, नवलाई, पावणाई, वाघजाई या देवता वर्षातून एकदा आपलं देऊळ सोडून माणसांच्या दारात येतात. तेव्हा त्यांच्या अंगाला हात लावण्याचा अधिकार कोणाला, त्यांच्याशी बोलण्याचा कोणाला, आणि त्यांनी काय सांगितलं हे ठरवण्याचा कोणाला, या प्रश्नाभोवती कोकणातल्या गावाचं निम्मं राजकारण फिरत आलं आहे.

बाहेरून आलेल्या माणसाने विचारलं की इथला मुख्य पुजारी कोण, तर त्याला एका नावात उत्तर मिळत नाही. पाषाणाला हात गुरवाचा. गाऱ्हाणं घालायचं ते बहुतेक ठिकाणी गावकराने किंवा ठरलेल्या मानकऱ्याने, काही गावांत गुरवानेच. पालखीला पहिला खांदा एका घराण्याचा, निशाण दुसऱ्याचं, अब्दागीर तिसऱ्याची. अभिषेक किंवा होम असेल तर उपाध्याय ब्राह्मण बोलावतात, पण ग्रामदेवतेच्या रोजच्या पूजेशी त्याचा संबंध नसतो. संगमेश्वर तालुक्यातल्या मार्लेश्वराचं लग्न मकरसंक्रांतीला साखरप्याच्या गिरिजादेवीशी लागतं. देवाची पालखी आंगवलीहून गुहेकडे चढते, आणि लग्न लावतात ते जंगम स्वामी, लिंगायत पद्धतीने, मानकऱ्यांची संमती घेऊन. एकाच देवाच्या एकाच सोहळ्यात इतक्या जणांचा अधिकार गुंफलेला असतो की कोणी एक जण रुसला तर देव बोहल्यावर उभा राहू शकत नाही. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. देवाच्या नावाने बोलण्याची सत्ता एका माणसाच्या हाती जाऊ नये, याची तजवीज कोणीतरी फार पूर्वी विचारपूर्वक केलेली दिसते.

त्या रचनेत गुरवाची जागा विचित्र आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त तो बलुतेदारांमध्ये भेटतो: देऊळ झाडणारा, दिवा लावणारा, बेल-पत्री आणणारा, पत्रावळी लावून देणारा, वाजवणारा. म्हणजे देवाला सर्वात जवळचा हा माणूस गावाच्या हिशेबात सुतार-कुंभाराच्या रांगेत बसून धान्य मोजून घेणारा. मान मोठा, पायरी मधली. पखवाज आणि सनई या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. देवाच्या नावच्या जमिनीचा तुकडा, ओटीतले तांदूळ, नारळ आणि सणावाराचा वाटा, एवढ्यावर एका घराचं चालायचं. घराचे वाटे झाले तशा पूजेच्याही पाळ्या पडल्या. चार भाऊ असले की देव वर्ष-वर्ष फिरतो. सुतक आलं की पाळी दुसऱ्या घराकडे सरकते. ही पाळीची व्यवस्था अजून बहुतेक गावांत तोंडीच चालते आणि भांडणंही बहुधा तिच्यावरूनच सुरू होतात.

गुरवाचं खरं कसब कौल लावताना दिसतं. देवी बहुधा काळ्या पाषाणाची, कधी नुसता तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड. तिला न्हाऊ घालतात, आणि ओल्या पाषाणावर ठरलेल्या जागी, छातीवर, खांद्यांवर, मस्तकावर फुलांच्या कळ्या, पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतात. कुठे सुपारी. यांनाच कळे म्हणतात. मग गाऱ्हाणं सुरू होतं. आधी देवतांची नावं, सीमेवरच्या राखणदारापासून चव्हाट्यापर्यंत. कोणी वगळलं गेलं तर दोष. मग विचारणाऱ्याचं नाव, घराणं, अडचण. मग प्रश्न, आणि तो असा घालावा लागतो की त्याला होय किंवा नाही एवढंच उत्तर असेल. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं होकार भरतात. नंतर सगळे गप्प. उजवीकडचा कळा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. काहीच पडलं नाही तर प्रश्न चुकला असं धरून तो फिरवून घालायचा. कधी यात अर्धा तास जातो, कधी सकाळ.

या प्रश्न फिरवण्यातच सगळं आहे. कळा ओलाव्याने सुटतो की देवाच्या इच्छेने, यावर वाद घालणारे दोन्ही बाजूंना भेटतील. मला तो वाद दुय्यम वाटतो, कारण कौलाच्या वेळी देवळात काय घडतं ते डोळ्यांनी दिसतं. जमिनीच्या बांधावरून दोन वर्षं न बोललेले भाऊ तिथे शेजारी उभे असतात. उत्तर येत नाही तेव्हा गाऱ्हाणं घालणारा अडचणीचा दुसरा पदर उलगडतो: मागचा कुठला नवस राहिला का, कोणाचा मान डावलला का, घरातल्या बाईला काही दुखलं का. भांडणाच्या मुळाशी असलेली गोष्ट, जी ग्रामपंचायतीत निघाली नसती, ती देवीसमोर निघते. चांगला गुरव आणि चांगला गावकर घाई करत नाहीत. लग्नाची तारीख, विहिरीची जागा, आजार, चोरी, परगावची नोकरी, सगळ्याला कौल लागत आला. देवराईतलं झाड तोडायचं तरी कौल लागायचा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं की भोवतालचे डोंगर उघडे पडले असताना देवाच्या नावचं रान टिकून आहे. ते टिकवण्यात या डाव्या कौलांचा वाटा मोठा आहे.

कौलाची नोंद इंग्रजी अंमलातही झाली, आणि तिच्यामागे एक करुण कथा आहे. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता. त्याने लोकसमजुतींविषयी प्रश्नावली काढून मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून उत्तरं मागवली होती. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे या तरुणाने त्याला गोळी घातली. कान्हेरे मूळचा खेड तालुक्यातल्या आयनीचा, म्हणजे याच जिल्ह्याचा. फाशी गेला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. जॅक्सनची राहिलेली कागदपत्रं आर. ई. एन्थोवेनने हाती घेतली आणि १९१५ च्या सुमारास कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक निघालं. त्यात कोकणातल्या खेड्यापाड्यांतल्या मास्तरांनी आपापल्या गावच्या देवता, कौल, अंगात येणं, गुरव आणि अंगारे-धुपारे करणारे घाडी यांच्याविषयी लिहून पाठवलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या गावदेवळाचं इतकं जवळचं वर्णन दुसरीकडे सहज सापडत नाही. त्या मास्तरांची आठवण कोणी ठेवली नाही, ती ठेवायला हवी.

आता थोडं दूर जाऊ. रत्नागिरीत थिबा राजवाडा सगळ्यांना माहीत आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८६ मध्ये इथे स्थानबद्ध म्हणून आणला गेला, १९१० मध्ये त्याच्यासाठी हा राजवाडा उभा राहिला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्या घराण्याच्या दरबारात ज्योतिषी आणि विधी सांगणारे जे ब्राह्मण असत, त्यांत मणिपूरहून नेलेल्यांचे वंशज मोठ्या संख्येने होते. ब्रह्मी सैन्याने १८१९ ते १८२६ या सात वर्षांत मणिपूर उजाड केलं. मैतेई लोक त्या काळाला आजही सात वर्षांची वाताहत म्हणून आठवतात. त्याही आधीच्या स्वाऱ्यांत हजारो माणसं धरून नेली गेली होती. ज्या राजाचे पूर्वज दुसऱ्यांचे पुजारी बंदी करून नेत, तो स्वतः बंदी होऊन आमच्या भैरीच्या गावात तीस वर्षं राहिला. त्या राजवाड्यासमोर उभं राहिलं की मला मणिपूरच्या पुजाऱ्यांची आठवण होते, कारण गुरवाला समजून घ्यायला त्यांच्याइतकी चांगली तुलना दुसरी नाही.

मैतेई लोकांचा जुना धर्म उमंग लाइंचा. उमंग लाइ म्हणजे वनात राहणाऱ्या देवता. इंफाळच्या खोऱ्यात त्यांची राखीव रानं आहेत, आपल्या देवरायांसारखी. अठराव्या शतकात राजा पामहैबाने वैष्णव धर्म स्वीकारला, जुने पुया ग्रंथ जाळवले, दरबारात ब्राह्मण आले. तरी वनातल्या देवांचं काम जुन्या पुजाऱ्यांकडेच राहिलं. ते तिघे मिळून चालवतात: मैबा हा पुरुष पुजारी, मैबी ही स्त्री पुजारी, आणि पेना वाजवणारा. पेना हे एकतारी वाद्य धनुकलीने वाजवतात. त्याचा भोपळा बहुधा नारळाच्या करवंटीचा असतो, हे वाचून कोकणी माणसाला आपुलकी वाटेल. वर्षातून एकदा, बहुधा उन्हाळ्यात, लाइ हराओबा होतो: देवांना आनंद देण्याचा उत्सव. मैबी पाण्याच्या काठी जाते, दोरे पाण्यात सोडते, घंटी वाजवते आणि देवाचा जीव त्या दोऱ्यांवरून वर घेऊन मडक्यातून देवळात आणते. मग दिवसामागून दिवस ती नाचते. त्या नाचात माणसाचं शरीर अवयवा-अवयवाने घडतं, घर बांधलं जातं, कापूस पेरला जातो, वेचला जातो, सूत काढून कापड विणलं जातं. जगाची सगळी उभारणी तिच्या बोटांतून होते. मधेच तिच्या तोंडून देव बोलतो आणि गावाचं येतं वर्ष कसं जाईल ते सांगतो. सरोज नलिनी आणि जॉन पॅरट या दांपत्याने यावर १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ विधींचे बारकावे टिपण्यात आदर्श आहे.

दोन्हीकडे सारखेपणा उघड आहे: वनातला देव, वर्षातून एकदा बाहेर येणं, एकाच कामात वाटलेला अधिकार, वाद्याशिवाय न हलणारी देवता. मला जास्त बोलका वाटतो तो फरक.

मैबी कशी होते? कुठल्याही कुळातली मुलगी, कधी लग्न झालेली बाई, आजारी पडते, स्वप्नं पाहते, बेभान होते. देवाने तिला निवडलं असं मानलं जातं. मग ती जुन्या मैबीकडे गुरुगृही जाते. मंत्र, नाच, देवांची नावं, पाणवठ्यावरचे विधी वर्षानुवर्षं शिकते. पुरुषावर देव आला तर तोही मैबीच होतो आणि विधीच्या वेळी बाईचा पांढरा पोशाख नेसतो. हे सारं मोकळं सोडलेलं नाही. इंफाळच्या राजवाड्याशी जोडलेली पंडित लोइशांग ही संस्था आहे. तिच्याखाली मैबा, मैबी आणि पेनावाल्यांची वेगवेगळी मंडळं आहेत, तिथे शिकवतात, तिथे मान्यता मिळते. राजेशाही संपली तरी ही मंडळं चालू राहिली.

आमच्याकडे निवड जन्माने होते. गुरवाच्या पोटी आला तो गुरव. विहिरीपासून लग्नापर्यंत आम्ही देवीला विचारतो, पण पाषाणाला हात कोणी लावायचा हे मात्र तिला सहसा विचारत नाही. आणि जिथे गावोगावच्या देवता बहुतांशी देवी आहेत, तिथे त्यांच्या पाषाणाशेजारी बाई उभी नसते. बाईच्या अंगात वारं येतं, ते गाव ऐकूनही घेतं, पण शिमग्याच्या मानाच्या यादीत तिचं नाव येत नाही. ती ओटी भरते. पालखी अंगणात आली की खण-नारळ देवीपुढे धरते, आणि ते घेणारा हात पुरुषाचा असतो. हा अन्याय आहे, आणि परंपरेच्या प्रेमापोटी तो झाकू नये असं माझं मत आहे.

जातीचा अन्याय त्याहून जुना आणि कठोर. होळीचं झाड आणण्यापासून होम पेटवण्यापर्यंत प्रत्येक जातीला काम वाटून दिलेलं होतं. महारांनाही होतं, आणि ते करूनही देवळाची पायरी त्यांनी चढायची नाही ही अटही होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर या जिल्ह्यातल्या अनेक बौद्ध वस्त्यांनी ही कामं सोडली, ते योग्यच केलं. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १९३६ मध्ये छापलेल्या, पण लाहोरला होऊ न शकलेल्या भाषणात त्यांनी पौरोहित्यावर जे लिहिलं ते आज देवस्थानच्या प्रत्येक बैठकीत वाचायला हवं: पुजारीपण वंशपरंपरेने चालू नये, कोणाही हिंदूला ते मिळू शकावं, त्यासाठी परीक्षा असावी, सरकारची सनद असावी, संख्येला मर्यादा असावी. त्याच्या पाचच वर्षं आधी, २२ फेब्रुवारी १९३१ ला, रत्नागिरीत पतितपावन मंदिर उघडलं होतं. पैसा भागोजीशेठ कीर यांचा, पुढाकार स्थानबद्धतेत असलेल्या सावरकरांचा. लक्ष्मी-नारायणाच्या त्या देवळात सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत वाट होती. आंबेडकर आणि सावरकर यांची वाट एक नव्हती, पण गाभाऱ्याचा प्रश्न दोघांनाही टाळता आला नाही. तो प्रश्न या जिल्ह्याच्या मातीतच होता.

पुढे न्यायालयांनीही तो घेतला. १९७२ च्या शेषम्माळ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पूजा कशी करावी हा धर्माचा भाग, पण पुजारी नेमणं ही धर्मनिरपेक्ष बाब आहे. २०१४ मध्ये पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले आणि मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पूजेसाठी अर्ज मागवले. विठ्ठलाच्या बाबतीत जे झालं ते वाघजाईच्या बाबतीत का होऊ नये, असं कोणी विचारील. माझं उत्तर सरळ ‘व्हावं’ असं नाही. पंढरपुरात हक्काबरोबर मोठं उत्पन्न होतं आणि भाविकांची अडवणूक होती. कोकणातल्या गुरवाकडे उत्पन्न फारसं उरलेलं नाही. त्याच्याकडे उरलं आहे ते ज्ञान, आणि तेच धोक्यात आहे.

कारण गुरवाचा मुलगा मुंबईत आहे. डोंबिवलीत, विरारला, किंवा रत्नागिरीच्या एमआयडीसीत पाळीवर. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली. चाकरमान्यांना शिमग्याला येणं सोपं झालं तसं जाणंही. पालखीचे चार दिवस तो रजा घेऊन येतो, उरलेलं वर्ष देवीचा दिवा म्हातारा बाप किंवा घरातली सून लावते. होय, सून. ज्या गावांत पुरुष उरले नाहीत तिथे सांजेचा दिवा बायकाच लावतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त ठराव म्हणून कोणी बोलत नाही. गाऱ्हाणं पाठ असलेली माणसं साठीच्या पुढची आहेत. जांभ्याची, कौलारू देवळं पाडून संगमरवरी फरशीची उभी करायला मुंबईकर मंडळं लाखो रुपये जमवतात, त्यासाठी देवीचा कौलही घेतात. पण गाऱ्हाण्यात जी शंभरभर नावं क्रमाने घ्यावी लागतात ती एका वहीत उतरवून ठेवण्याचा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकात नसतो. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात संत काशिबा गुरव यांच्या नावाने युवकांसाठी आर्थिक विकास महामंडळ जाहीर झालं. ते हवंच होतं. पण धंद्याला कर्ज मिळालं म्हणून कौल लावायला कोणी शिकणार नाही.

आणि दरवर्षी फाल्गुन जवळ आला की तहसीलदार कचेरीत आणि पोलीस ठाण्यात बैठका होतात. पालखीचा मान कोणाचा यावरून काही गावांत दोन तट पडलेले असतात. प्रशासन मनाई आदेश काढतं, देवी देवळातच राहते. ज्या रचनेने सत्ता वाटली होती तिचीच ही दुसरी बाजू आहे: सगळ्यांची संमती लागते, म्हणून एकाचा हट्ट पुरतो. पूर्वी असा पेच देवीपुढे कौलाने सुटायचा. आता तो दिवाणी न्यायालयात पिढीभर लोंबकळतो. कौल मानायला गुरवाच्या हातावर विश्वास लागतो, आणि तो विश्वास त्याच्या रोजच्या वागण्यातून येतो. वर्षातून चार दिवस येणाऱ्यावर तो बसणं कठीण.

कायद्याचीही एक रेघ आहे, आणि ती असावी. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अंगात आल्याचं सांगून लोकांना भिवडवणं, करणी केल्याचा आळ घेऊन कोणाला मारहाण करणं हे गुन्हे ठरले. देवस्कीच्या नावाखाली कोकणात बायकांना, म्हाताऱ्यांना जे सोसावं लागलं ते ज्याने जवळून पाहिलं आहे तो या कायद्याविरुद्ध बोलणार नाही. डावा कौल पडला म्हणून तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात न नेणारा गुरव नको. नेलंच पाहिजे, असं देवीसमोर उभं राहून सांगणारा हवा, आणि असे आहेत.

करायचं काय, तर मणिपूरकडून एवढं घ्यावं: शिकवण्याची जागा आणि शिकणाऱ्याची निवड. तालुक्यागणिक चार-पाच जाणत्या गुरवांनी आणि गावकऱ्यांनी एकत्र बसून गाऱ्हाणी, रूपं लावण्याचा क्रम, कौलाच्या जागा, ताशाचे ठेके नोंदवावेत, आवाजात आणि चित्रात. पाळीचे करार लिहून काढावेत. गुरवाच्या घरात मुलगी असेल तर तिला शिकवावं, गुरवाचं घर रिकामं झालं असेल तर गावातल्या कुठल्याही घरातल्या इच्छुकाला, जात न विचारता. जे घर पिढ्यान्‌पिढ्या सेवा करत आलं त्याचा पहिला मान काढून घ्यायची गरज नाही. त्याला गुरूची जागा द्यावी. हे सगळं सरकारी फतव्याने होणार नाही, झालं तर गावकीच्या बैठकीत होईल. आणि गावकी अडून बसली तर तिच्याकडे उपाय आहेच. देवीला न्हाऊ घालावं, कळे लावावेत, राखणदारापासून चव्हाट्यापर्यंत सगळ्यांची नावं घ्यावीत आणि विचारावं: आई, तुझ्या अंगाला या घरातल्या लेकीने हात लावलेला चालेल का?